नदी फुगली की ट्राउट काठाला येतो

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत. इथे अमेरिकेत, कोलोराडोत रॉकी पर्वतातला बर्फ वितळायला लागला, नद्या चढल्या, पाणी चहासारखं झालं, आता ट्राउटचं काय करायचं? म्हणून या वेळी बाकीचं टपाल बाजूला ठेवलंय. रॉड कोणता घ्यावा हे विचारणाऱ्यांनी पाच नंबरचा नऊ फुटी घ्यावा आणि मला पुन्हा पत्र लिहू नये.

प्रश्न : ताई, हिवाळ्यात हौसेनं फ्लाय फिशिंगचं, म्हणजे खोट्या किड्यानं (फ्लायनं) मासे धरण्याचं, सगळं सामान घेतलं. एप्रिलमध्ये सलायडाजवळ आर्कान्सॉ नदीवर दोन-तीन ब्राउन ट्राउट मिळालेही. मेच्या शेवटी त्याच जागी गेलो तर नदी ओळखू येईना. मी जिथे उभा राहायचो तो दगडच पाण्याखाली! दिवसभर गळ टाकला, एकही मासा लागला नाही. दुकानात एक जण म्हणाला, जुलैपर्यंत सामान गुंडाळून ठेव. ठेवू का? (डेन्व्हर)

ठेवू नका. जागा मात्र बदला, आणि जागा बदला म्हणजे दुसऱ्या गावाला जा असं नाही. तुम्ही एप्रिलमध्ये जिथे उभे होतात तिथून पंधरा-वीस फूट मागे, कोरड्यात उभे राहा.

आर्कान्सॉ नदी लेडव्हिलपासून कॅन्यन सिटीपर्यंत सुमारे १२० मैलांत साडेचार हजार फुटांहून जास्त उतरते. एवढ्या उताराच्या नदीत पाणी वाढलं की मधल्या धारेचा वेग भयंकर होतो. ट्राउट ताकदवान असला तरी दिवसभर त्या धारेत पोहत राहणं त्याला परवडत नाही. तिथे पोहण्यात जेवढी शक्ती जाईल तेवढं खाणं त्याला मिळणार नाही, हा साधा हिशोब त्याला कुणी शिकवावा लागत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत सांगलीच्या गणपती पेठेत एखादं म्हातारं माणूस रस्त्याच्या मधोमध थांबत नाही, दुकानाच्या पायरीवर चढून उभं राहतं; मिरवणूक दिसते, प्रसाद हातात पडतो आणि धक्के बसत नाहीत. मासाही असाच पायरी शोधतो.

ही पायरी असते कुठे? तिथल्याच वालचंद कॉलेजात स्थापत्य शिकताना हायड्रॉलिक्सच्या तासाला फळ्यावर जी आकृती काढत, ती मला आता नदीवर रोज उपयोगी पडते. पाण्याचा वेग सगळीकडे सारखा नसतो. तळाला आणि काठाला घासून पाणी मंदावतं, मध्ये आणि वर ते सर्वांत जोरात असतं. काठ जितका खडबडीत, म्हणजे मोठे दगड, मुळं, बुडालेली झुडपं, तितका मंद पाण्याचा पट्टा रुंद. आर्कान्सॉच्या काठाला विलोची झुडपं दाट आहेत, आपल्या वाळुंजाचीच भावंडं. पाणी वाढलं की त्यांच्या बुंध्यात शिरतं, आणि त्या झुडपांच्या बाहेरच्या कडेला, काठापासून जेमतेम हात-दोन हातांवर, एप्रिलमध्ये नदीभर पांगलेले मासे दाटीनं येऊन बसतात. शिवाय वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडामागचा भोवरा, लहान ओढा नदीला मिळतो ती कोपऱ्याची जागा. जोराचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासत जाताना पृष्ठभागावर एक रेघ दिसते, बऱ्याचदा तिच्यावर फेसाचे ठिपके वाहत असतात. त्या रेघेच्या संथ अंगाला मासा असतो.

म्हणजे नदी जेवढी फुगते तेवढी आपल्यापुरती लहान होते. शंभर फुटांच्या पात्रातले नव्वद फूट विसरून जायचे. उरलेले पाच या काठाचे, पाच त्या काठाचे. पलीकडचे आपले नाहीत, कारण तिथे पोचायचं नाही. याबद्दल पुढे एका वहिनींना उत्तर दिलंय, तेही वाचा.

तुम्ही दिवसभर गळ टाकलात तो बहुधा सवयीनं लांब, मधल्या धारेत टाकलात. पहिला गळ स्वतःच्या बुटांसमोर टाका. खरंच सांगते. काठापासून तीन-चार फूट मागे उभं राहायचं, पाण्याच्या कडेशी जाऊन डोकवायचं नाही, आणि दहा-बारा फुटांची दोरी बाहेर काढून काठाला समांतर, वरच्या अंगाला टाकायची. रॉड उंच धरायचा म्हणजे दोरी मधल्या धारेवर पडत नाही. पडली तर ती धार फ्लायला ओढून नेते, आणि ओढली जाणारी फ्लाय मासा बघतसुद्धा नाही. एवढंसं पाणी नीट धुंडाळून झालं की दोन पावलं वर सरकायचं.

वजन वाढवा. नवीन माणसं इथेच कमी पडतात. मासा तळाशी आहे, कारण तळाशी वेग कमी आहे, आणि तुमची फ्लाय कमरेएवढ्या उंचीवरून निघून जातेय. चार-पाच वेळा टाकल्यावर एकदाही तळाला अडखळली नाही तर शिशाचा आणखी एक मणी लावा. तरी नाही अडखळली तर आणखी एक. दोन-चार फ्लाय दगडात अडकून तुटतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा दोरा, जाड चालतो, उलट जाडच हवा. गढूळ पाण्यात मासा दोऱ्याची जाडी मोजत बसत नाही. एप्रिलमध्ये ५एक्स वापरलात तर आता २एक्स किंवा ३एक्स लावा. एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की इंचाच्या हजारांशात जाडी मिळते. ३एक्स म्हणजे आठ हजारांश इंच. मासा धारेत पळाला तर त्याला काठाशी वळवायला ही जाडी लागते. तो खाली पळाला की तुम्ही काठानं त्याच्याबरोबर चाला, रॉड आडवा करून काठाकडे ओढा. त्याच्यामागे पाण्यात उतरू नका.

फ्लाय कोणती, याचं उत्तर नदीच देते. पाणी वाढलं की तळातले दगड हलतात आणि त्याखालची स्टोनफ्लाय किड्यांची मोठी पिल्लं, म्हणजे निम्फ, सुटून वाहायला लागतात. काठाची माती खचते, तिच्यातून गांडुळं येतात. मासा त्या दिवसांत उपाशी नसतो, चांगला जेवत असतो, फक्त त्याला समोरचं फूटभरच दिसत असतं. म्हणून वर सहा किंवा आठ नंबरचा काळा-तपकिरी स्टोनफ्लाय निम्फ, रबरी पायांचा, आणि त्याच्यामागे दीड फुटावर सॅन वॉन वर्म. हा न्यू मेक्सिकोतल्या सॅन वॉन नदीच्या नावाचा लाल किंवा तपकिरी गांडुळासारखा प्रकार. गळाला मखमली दोऱ्याचा तुकडा बांधला की झाला. सोवळ्यातले फ्लायवाले त्याला नाक मुरडतात. मुरडू देत.

पाणी अगदीच गढूळ असेल तर मोठा काळा स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारखी दिसणारी फ्लाय. गढूळ पाण्यात काळ्याची आकृती सर्वांत ठळक दिसते, चकचकीत रंगांचं फारसं काही चालत नाही. झुडपाच्या कडेला टाका आणि हळू ओढा, मासा पाठलाग करायच्या मनःस्थितीत नसतो.

आणि पाणी गढूळ म्हणजे किती गढूळ? काठाशी, संथ जागी, गुडघाभर पाण्यात पाय घाला. बुटाचं टोक दिसलं तर मासेमारी करा. गुडघा आणि घोटा यांच्या मध्येच पाय नाहीसा झाला तर गावात जाऊन कॉफी प्या.

प्रश्न : नदी किती क्युसेकपर्यंत असली तर जावं? प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक आकडा सांगाल का? (फोर्ट कॉलिन्स)

नाही सांगणार, कारण असा आकडा नसतो.

तुम्ही महाराष्ट्रातून आलेले असाल तर क्युसेक हा शब्द बातम्यांतून पाठ असेल. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं होतं. तो आकडा डोक्यात ठेवून कोलोराडोत आलात तर इथले आकडे हास्यास्पद वाटतात. सलायडाजवळ आर्कान्सॉ वसंताच्या सुरुवातीला ३००-४०० क्युसेकच्या आसपास असते, आणि चांगल्या बर्फाच्या वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ३,०००च्या वर जाते. मुठेच्या पुरापुढे हे काहीच नाही. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर, एवढंच तो सांगतो. ते पाणी किती रुंदीच्या पात्रातून, किती उतारावरून जातंय हे सांगत नाही. अरुंद दरीत हजार क्युसेक माणसाला उचलून नेतील आणि रुंद कुरणातल्या नदीत तेवढ्याच पाण्यात काठावर सुखानं मासे पकडता येतील.

मी सांगलीची. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी दुधाच्या आधी आयर्विन पुलाची पातळी विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण आकडा कळल्यावर घरातलं जुनं माणूस लगेच पुढचा प्रश्न टाकायचं : चढतंय का उतरतंय? ट्राउटसाठी तोच प्रश्न विचारा.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची, मोजणी केंद्रं जवळपास प्रत्येक नावाजलेल्या नदीवर आहेत. बहुतेक ठिकाणी दर १५ मिनिटांनी प्रवाहाची नोंद होते आणि ती फोनवर फुकट दिसते. एका दिवसाचा आकडा बघू नका, सात दिवसांचा आलेख उघडा. बर्फाच्या पाण्याचा आलेख सरळ रेघेत चढत नाही, तो करवतीसारखा दातेरी दिसतो. दुपारच्या उन्हात वर बर्फ वितळतो, ते पाणी संध्याकाळी ओढ्यांत उतरतं आणि खालच्या गावाला मध्यरात्री, कधी पहाटे पोचतं. म्हणजे डोंगरातल्या लहान ओढ्यावर सकाळ चांगली असते, कारण आदल्या दिवसाचं पाणी निघून गेलेलं असतं आणि आजचं यायचं असतं. तीस-चाळीस मैल खाली तेच पाणी सकाळी माथ्यावर असू शकतं आणि दुपारनंतर उतरतं. आपल्या जागेचा दात कधी खाली येतो हे दोन-तीन दिवसांच्या आलेखावरून लगेच कळतं. त्या उताराच्या वेळी काठावर हजर राहा.

दुसरी गोष्ट, हवामान. मेमध्ये कोलोराडोत अचानक गारठा पडतो, ढग येतात, कधी बर्फही. लोक वैतागतात, मी खूश होते. वर वितळणं थांबलं की एक-दोन दिवसांत नदी उतरते आणि निवळते. असा गारठ्याचा तुकडा गाठला तर फुगलेल्या मोसमातही फार चांगले दिवस मिळतात. याच्या उलट, पहिली उकाड्याची लाट किंवा बर्फावर पडलेला पाऊस आला की घरी बसा. झपाट्यानं चढणारं पाणी सर्वांत वाईट : काठावरचा सगळा कचरा, फांद्या, गवत वाहत असतं, मासा जागा बदलत असतो, तुमच्या गळाला दर वेळी पालापाचोळा लागतो. स्थिर झालेलं जास्त पाणी त्याच्यापेक्षा शंभर पटीनं बरं. मासे एकदा नव्या जागी बसले की बसले.

आर्कान्सॉवर आणखी एक शर्यत असते. पाणी साधारण १२-१३ अंश सेल्सियसला पोचलं की कॅडिस किडे पाण्यातून उडायला लागतात. एप्रिलच्या मध्यावर कॅन्यन सिटीकडून सुरुवात होते आणि जसजसं पाणी तापतं तसतशी ही झुंड वर सरकत मदर्स डेच्या सुमाराला सलायडाच्या आसपास येते. त्याच दिवसांत बर्फाचं पाणीही खाली यायला निघालेलं असतं. कोण आधी पोचेल हे दरवर्षी वेगळं. किडे आधी पोचले तर त्या आठवड्यात रजा टाका.

प्रश्न : गढूळ पाण्याची कटकट नको असेल तर मे-जूनमध्ये कुठे जावं? (ऑरोरा)

धरणाखाली. धरणात गाळ बसतो आणि तळाच्या दारांतून थंड, स्वच्छ पाणी बाहेर येतं. साउथ प्लॅटवर १९०५ सालच्या चीझमन धरणाखालची दरी, सिल्व्हरथॉर्न गावातून जाणारी डिलन धरणाखालची ब्लू, बसॉल्टजवळ रूडी धरणाखालची फ्राइंगपॅन. या दिवसांत अर्धं डेन्व्हर तिथेच असतं, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. फ्राइंगपॅन आणि ब्लूच्या धरणांत मायसिस नावाची बारीक पारदर्शक कोळंबी आहे. पाणी सुटतं तेव्हा ती दारांतून बाहेर येते आणि धरणाखालचे ट्राउट ती खाऊन डुकरासारखे फुगतात. तिथे मोठं गांडूळ घेऊन जाऊ नका, १६-१८ नंबरची पांढुरकी मायसिस फ्लाय न्या. धरण भरत आलं की तिथलेही आकडे एकदम वाढवतात, तेव्हा आलेख बघूनच निघा. गर्दीचा कंटाळा असेल तर साउथ पार्कमधलं स्पिनी माउंटन जलाशय. नद्या फुगलेल्या असताना तळी ऐन रंगात असतात, आणि ही गोष्ट नदीवेड्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

प्रश्न : मी मूळची संगमेश्वरची, सध्या मुलाकडे कोलोराडो स्प्रिंग्जला आलेय. आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला सगळा गाव लोटतो. इथे नदीला पूर आलाय तर लोक मासेमारी बंद कशाला करतात? ट्राउट चढत नाही का? (कोलोराडो स्प्रिंग्ज)

काकू, तुमचा प्रश्न सगळ्यांत आवडला.

चढतो, पण सगळे ट्राउट एका वेळी चढत नाहीत. रेनबो आणि इथला मूळचा कटथ्रोट वसंतात अंडी घालतात, पाणी वाढायला लागलं की लहान ओढ्यांकडे वळतात. ब्राउन ट्राउट युरोपातून १८८० च्या दशकात अमेरिकेत आणलेला पाहुणा. तो अंडी घालतो शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. आर्कान्सॉत ब्राउन जास्त. म्हणून मे-जूनमध्ये तिथे काठाला आलेला मासा बहुतेक वेळा चढणीचा नसतो, फक्त धारेपासून आडोसा शोधत आलेला असतो. तुमच्याकडे वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसाच्या चढणीला, मासा शेतात शिरतो तो पुढच्या पिढीसाठी, इथला झुडपात शिरतो तो स्वतःचा जीव वाचवायला.

जे वसंतात चढतात त्यांना मी हात लावत नाही. ओढ्याच्या तळाला खड्यांचा एखादा ताटाएवढा किंवा परातीएवढा भाग आजूबाजूपेक्षा उजळ, घासून काढल्यासारखा दिसला तर ती मादीनं शेपटीनं उकरलेली जागा. अंडी त्या खड्यांत असतात. तिच्यावर पाय पडला तर सगळं गेलं. तिथे गळही टाकायचा नाही. ग्रीनबॅक कटथ्रोट हा १९९४ पासून या राज्याचा मासा आहे आणि एके काळी तो नाहीसाच झाला असं समजत होते, तेव्हा इथे लोक याबाबतीत कडक आहेत ते बरंच आहे.

आणि आपल्याकडचंही बोलते. गाभोळीनं भरलेला मासा चढताना काठीनं, पागाच्या जाळ्यानं, सापळा लावून मारायचा आणि मग पाच वर्षांनी ओढ्यात मासा उरला नाही म्हणायचं. लहानपणी मजा येते, कबूल. पण आता तुमच्या गावात पूर्वीइतके चढणीचे मासे येतात का, हे तुम्हीच मला कळवा.

प्रश्न : मे अखेरीस कुटुंबासह हिमाचलमध्ये तीर्थन खोऱ्यात जातोय. ट्राउट पकडायची फार इच्छा आहे. पाणी जास्त असेल का? (पुणे)

असेल. तीर्थन ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून, बर्फातून येते. मेच्या मध्यानंतर ऊन तापलं की दुपारी फुगते, मग जुलैत पावसाळा सुरू झाला की विषयच संपतो. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हे तिथले खरे दिवस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. तिकिटं काढलीच असतील तर एवढं करा. पहाटे उठून सकाळी नऊ-दहापर्यंत आटपा, दुपारी बायको-मुलांबरोबर जिलबी खा. गुशैणीला फलाचन तीर्थनला मिळते, तसल्या संगमांच्या कोपऱ्यातलं संथ पाणी आधी बघा. बाकी वर डेन्व्हरच्या गृहस्थांना सांगितलं तेच : काठाशी, तळाशी, जड निम्फ. तिथले लोक स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगर फिरणारं चकचकीत पातं, वापरतात आणि तुमच्यापेक्षा जास्त मासे धरतील, त्यांच्याशी स्पर्धा करू नका. कुलू भागात ब्राउन ट्राउट १९०९ मध्ये सोडला, म्हणजे तोही पाहुणाच, पण शंभर वर्षांत घरचा झालाय. परवाना मत्स्य विभागाकडून घ्या, होमस्टेवाल्यांना सांगितलं तर ते वाट दाखवतात.

एक गोष्ट कडक शब्दांत. तीर्थन खाली लार्जीला बियासला मिळते आणि तिथे धरण आहे. ८ जून २०१४ ला त्या धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. फोटो काढायला दगडांवर उतरले होते. धरणाखालच्या बियासमध्ये तुम्हीही उतरू नका, पोरांनाही उतरू देऊ नका. पाणी कितीही शांत दिसत असलं तरी नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांना हे वेड तुमच्या सदरामुळे लागलं. ते वेडर, म्हणजे पाणी न शिरणारी छातीपर्यंतची विजार, घालून कमरेपर्यंत पाण्यात जातात. वेडरमध्ये पाणी शिरलं तर माणूस बुडतो असं ऐकलंय. मला रात्री झोप लागत नाही. (बोल्डर)

वहिनी, वेड लावल्याचा आरोप मान्य. आता हे उत्तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

वेडरमध्ये शिरलेलं पाणी माणसाला खाली ओढत नाही. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याएवढंच जड असतं. पण तेच भरलेलं वेडर घेऊन काठावर चढणं फार जड जातं, आणि पाणी जितकं कमी शिरेल तितकं चांगलं. म्हणून कमरेचा पट्टा, घट्ट, प्रत्येक वेळी. पट्टा घरी राहिला तर मासेमारी रद्द.

खरा धोका वेगाचा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. यूएसजीएसचे लोक नदीत उतरून प्रवाह मोजतात, त्यांच्यात एक ठोकताळा आहे : खोली फुटांत आणि वेग सेकंदाला फुटांत, यांचा गुणाकार दहा किंवा त्याहून जास्त झाला तर पाण्यात उतरायचं नाही. मांडीएवढं, अडीच फूट पाणी आणि सेकंदाला चार फूट वेग, झाले दहा. वेग मोजायला काडी टाकायची आणि दहा फूट जायला किती सेकंद लागतात ते बघायचं. ही मर्यादा प्रशिक्षण घेतलेल्या, रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसांची आहे. हौशी माणसानं सहाच्या वर जाऊ नये असं माझं मत. आणि मे-जूनमध्ये तर मासा काठाला आलेला असतो, कमरेएवढ्या पाण्यात जायचं कारणच काय? त्यांना विचारा. तिथे उभं राहून ते माशांच्याच जागेवर पाय देतायत.

तरी पडलेच, तर पाठीवर व्हायचं, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर. जोराच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दोन दगडांत अडकला की पाणी माणसाला वाकवून खाली दाबतं. काठाकडे तिरकं पोहत संथ पाण्यात यायचं. पुढे पाण्यात पडलेलं झाड दिसलं तर जिवाच्या आकांतानं त्याच्यापासून दूर व्हायचं. फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. या दिवसांत काठचे कॉटनवुड वृक्ष पडून नदीत अडकलेले असतात, त्यामुळे मासेमारीला सुरुवात करण्याआधी खालचा दोनशे फुटांचा काठ चालून बघायचा. बर्फाचं पाणी पाच-सहा अंशांचं असतं, पडल्यावर पहिला मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही. हातात काठी हवी. ते गॅसनं फुगणारे लाइफ जॅकेटचे पट्टे मिळतात, वाढदिवसाला तेच द्या. आणि एकट्यानं नाही.

प्रश्न : मिळालेला ट्राउट खायला नेला तर चालतो का? कालवण होतं का? (डेन्व्हर)

कोलोराडोत साधारण दिवसाला चार ट्राउटची मर्यादा आहे, पण चीझमन दरीसारख्या ठिकाणी पकडलेला प्रत्येक मासा सोडावाच लागतो, तेव्हा त्या जागेचा नियम आधी वाचा. फुगलेल्या पाण्यात मासे एका पट्ट्यात गोळा झालेले असतात, एकाच झुडपाखालून चार उचलू नका. कालवणाला ट्राउट फार सौम्य आहे, चिंच-त्रिफळात हरवून जातो. रव्यात घोळवून तव्यावर, वरून लिंबू. कोकणातल्या वाचकांनी सांगलीकरणीला स्वयंपाक शिकवणारी पत्रं पाठवू नयेत.

प्रश्न : पाणी वाढल्यानं काठची पायवाट बुडालीय. कुंपण ओलांडून वरच्या शेतातून गेलं तर चालेल का? (प्वेब्लो)

नाही. कोलोराडोत नदीच्या तळाची जमीनसुद्धा खासगी असू शकते. तराफ्यातून वरून तरंगत जाणं आणि तळाला पाय लावणं यांत इथे फरक करतात. पाण्यात उतरलात तरी अतिक्रमण आणि कुंपणावरून गेलात तरी अतिक्रमण. आर्कान्सॉच्या काठानं सार्वजनिक जागांच्या पाट्या आहेत आणि राज्याच्या वन्यजीव खात्याचा नकाशा फोनवर मिळतो. गाडी काढा आणि पुढच्या पाटीपाशी लावा. परवान्याची मुदत संपली नाही ना, तेही बघून घ्या.